पाटल्या मोडायच्या आधी मुलीला लायब्ररीयनकडे पाठवा

पत्र : नमस्कार मॅडम, मी भांडुपला राहते, घरून पोळीभाजीचे डबे देते, मिस्टर सिक्युरिटीत आहेत. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, सायकॉलॉजी घेऊन, दादरच्या बाजूला कॉलेज आहे, ट्रस्टचं, पण ग्रँटेड. फी कशीतरी भरली, पण आता पुस्तकांची यादी आलीय ती पाच हजारांच्या वर जातेय. शिवाय प्रोजेक्टला कसले तरी इंग्लिश लेख लागतात, नेटवर उघडायला गेलं की एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात म्हणे. तिने एका वेबसाइटचं सबस्क्रिप्शन घेतलंय, महिन्याला ५९९ रुपये माझ्या खात्यातून जातात. बारावीपर्यंत ती मराठी मीडियमला होती, इंग्लिश पुस्तकं जड जातात म्हणून मी काही बोलत नाही. लायब्ररीत विचार म्हटलं तर म्हणते तिथे काही नसतं. माझ्या पाटल्या आहेत त्या मोडाव्यात असं मनात आहे. मोडू का?

उत्तर : ताई, मोडू नका.

तुम्ही ज्या गोष्टींसाठी पाटल्या मोडायला निघालात ना, त्यातल्या बहुतेकांचे पैसे आधीच भरून झालेले आहेत, काही तुमच्या फीमधून आणि काही सरकारकडून, फक्त त्या गोष्टी तुमच्या लेकीपर्यंत पोचलेल्या नाहीत. ह्यात तिची काही चूक नाही हो. फर्स्ट इयरला ओरिएंटेशनच्या दिवशी लायब्ररीची माहिती दहा मिनिटांत उरकतात, मागच्या बाकांवर ऐकू पण येत नाही, आणि नंतर कोणी सांगत नाही म्हणून कोणी विचारत नाही. मी मुंबईतल्या कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काम केलंय, आणि तीन वर्षं फी भरून एकदाही लॉगिन न घेता पास झालेली मुलं बघितली की मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातली कितीतरी घरं तुमच्यासारखीच ओढाताण करून फी भरणारी असतात.

तर आज रात्री तिची फीची पावती काढा. त्यात ट्यूशन फीच्या खाली बारीक अक्षरात लायब्ररी फी आणि बहुतेक लायब्ररी डिपॉझिट असं लिहिलेलं असेल. म्हणजे ती लायब्ररीत जाऊन काही मागणार असेल तर ते उपकार म्हणून नाही, हे तिला तुम्ही आई म्हणून नीट सांगा, कारण "तिथे काही नसतं" असं म्हणणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी खरं म्हणजे काउंटरवर जाऊन बोलायला बिचकत असतात.

ती म्हणते ते एका अर्थी खरंही आहे. तिला काय दिसतं, तर काउंटर, कुलूपबंद कपाटं आणि टेक्स्टबुकची ती एक संदर्भ प्रत, जी घरी नेता येत नाही. जे ऑनलाइन आहे ते डोळ्यांना दिसतच नाही. एन-लिस्ट नावाची योजना आहे, २०१० पासून चालू आहे, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सेंटर ती बघतं. कॉलेज वर्षाची फी भरून तिचं मेंबर होतं, ग्रँटेड कॉलेजला ती फी काही हजारांतच पडते, आणि मग त्या कॉलेजचे शिक्षक आणि विद्यार्थी, हो विद्यार्थीसुद्धा, हजारो जर्नल (संशोधनाचे लेख छापणारी नियतकालिकं) आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तकं घरी बसून मोबाईलवर वाचू शकतात. लॉगिन लायब्ररीयनच करून देतात, मुलीचं नाव, क्लास आणि ईमेल घेतात, यादीत चढवतात, मग तिच्या मेलवर यूजर आयडी आणि पासवर्ड येतो (तो मेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतो, तिथे बघायला सांगा). होतं काय की बऱ्याच ठिकाणी फक्त शिक्षकांची नावं चढवलेली असतात, कारण मुलांनी मागितलेलंच नसतं.

तिला काय बोलायचं ते पाठ करूनच पाठवा: "मॅडम, आपलं कॉलेज एन-लिस्टचं मेंबर आहे ना, माझं नाव त्यात टाकाल का? आणि अजून कुठली ऑनलाइन सबस्क्रिप्शन आहेत, घरून कशी उघडायची?" बास, एवढंच. मधल्या सुट्टीत जायचं नाही, तेव्हा काउंटरवर झुंबड असते आणि लायब्ररीयनला मान वर करायला फुरसत नसते, लेक्चर चालू असताना जो तास तिला मोकळा असेल तेव्हा जायचं, आय-कार्ड आणि ईमेल लिहिलेली चिठ्ठी घेऊन. लायब्ररीयन लोकांना असं नेमकं विचारणारी मुलगी आली की बरं वाटतं, हे मी काउंटरच्या त्या बाजूने सांगतेय. आणि कॉलेज मेंबर नाही असं कळलं तर वर्गातल्या आठदहा जणांच्या सह्या घेऊन एचओडींमार्फत प्रिन्सिपलना अर्ज द्या. एकटीचा अर्ज मागे पडतो, डिपार्टमेंटकडून आलेला लायब्ररी कमिटीपुढे जातो.

तुम्ही बातम्यांमध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ऐकलं असेल, म्हणजे जर्नलचे पैसे सरकारने भरायचे आणि संस्थांमधल्या लोकांनी ती वाचायची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, एल्सेविअर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज असे तीस मोठे प्रकाशक, त्यांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, ट्रस्टचं कॉलेज ग्रँटेड असलं म्हणून आपोआप त्यात येतं असं नाही. त्यामुळे "सरकारने सगळं फ्री केलंय ना" असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका, लायब्ररीयनना विचारा. मुंबई युनिव्हर्सिटी राज्य सरकारची आहे, म्हणजे ह्या योजनेत बसते, तुमच्या ओळखीत किंवा नात्यात कोणी कलिना कॅम्पसला एम.ए. करत असेल तर त्यांच्याकडून माहिती मिळेल, पण त्यांचा पासवर्ड मागून वापरायचा नाही, पकडलं गेलं तर लॉगिन त्या मुलाचं बंद होतं.

आता पुस्तकांच्या यादीबद्दल, कारण इथे तुमची निराशा होऊ नये असं मला वाटतं. ह्या सबस्क्रिप्शनमध्ये सिलॅबसची नेमकी टेक्स्टबुकं बहुतेक मिळत नाहीत. टेक्स्टबुकं प्रत्येक मुलाला सुटी विकता येतात, म्हणून प्रकाशक ती अशा पॅकेजमध्ये सहसा देत नाहीत. जे मिळतं ते संदर्भाचं, एखाद्या विषयावरचं सविस्तर पुस्तक, हँडबुकमधली प्रकरणं, जर्नलमधले लेख. ते प्रोजेक्टला आणि उत्तरं चांगली लिहायला सोनं आहे, पण यादीतल्या पुस्तकाची जागा ते पूर्ण घेत नाही. टेक्स्टबुकसाठी बुक बँक विचारा. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत ती असते, थोडं डिपॉझिट किंवा नाममात्र पैसे घेऊन सेमिस्टरभरासाठी पुस्तकांचा सेट घरी देतात, कुठे कुठे उत्पन्नाचा दाखला मागतात, तो तहसीलदारांकडून काढायला वेळ लागतो म्हणून आधीच काढून ठेवा. बुक बँकेची नोटीस टर्मच्या सुरुवातीला लागते आणि सेट लवकर संपतात. पण तारीख गेली असली तरी जाऊन विचारा, ज्यांनी नाव दिलं आणि सेट न्यायला आलेच नाहीत त्यांची पुस्तकं कपाटात तशीच पडलेली असतात.

आणि यादीतलं सगळं कधीच विकत घ्यायचं नसतं. दोन लेक्चर झाल्यावर सरांना किंवा मॅडमना विचारायचं की पेपर कुठल्या पुस्तकातून निघतो. बहुतेक विषयात एकच निघतं, बाकीची नावं सिलॅबसमध्ये संदर्भ म्हणून छापलेली असतात. ते एक पुस्तक किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टला सेकंड हँड बघा, नाहीतर सरळ मागच्या वर्षीच्या टी.वाय.च्या मुलींकडून घ्या, फक्त आवृत्ती आणि सिलॅबस जुळतोय ना ते बघून. आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे सिलॅबस बदलत चाललाय, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचं पुस्तक स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका.

मराठी मीडियमचं तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. महिन्याला ५९९ रुपये जातात ते खरं तर ह्या भीतीपोटीच जातायत. अशा साइटवर तयार उत्तरं मिळतात, ती कॉपी करून सबमिट करता येतात, पण परीक्षेत ती साइट सोबत नसते आणि विषय डोक्यात गेलेलाच नसतो. तिला विषय आधी आपल्या भाषेत कळू दे. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यात मानसशास्त्रातल्या कितीतरी संकल्पनांवर व्यवस्थित लिहिलेल्या नोंदी आहेत, एकेक नोंद अर्ध्या तासात वाचून होते. मुंबई युनिव्हर्सिटीचं दूरशिक्षण केंद्र, ज्याला आपण अजून आयडॉल म्हणतो, त्यांचं बी.ए.च्या विषयांचं अभ्याससाहित्य पीडीएफमध्ये वेबसाइटवर आहे, बरंचसं मराठीतही आहे, आणि ते आपल्याच युनिव्हर्सिटीचं असल्यामुळे आपल्या सिलॅबसच्या जवळचं असतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकंही त्यांच्या साइटवर बघा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, एखाद्या इंग्लिश शब्दाला मराठीत काय म्हणतात ते अडलं की तिथे सापडतं.

मग त्याच टॉपिकचं इंग्लिश. इथे मी तिला दोनच ठिकाणं सांगेन, कारण दहा सांगितली की मुलं एकही उघडत नाहीत. एक म्हणजे इग्नूचं ई-ज्ञानकोश. इग्नूची पुस्तकं घरी एकट्याने बसून शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली असतात, वाक्यं छोटी, मध्येमध्ये प्रश्न, शेवटी सारांश, आणि सायकॉलॉजीचं बी.ए. आणि एम.ए. दोन्हीचं मटेरियल तिथे फुकट आहे, मराठी मीडियमच्या मुलांना ते इंग्लिश झेपतं हा माझा अनुभव आहे. दुसरं ओपनस्टॅक्स. अमेरिकेतली राईस युनिव्हर्सिटी हा उपक्रम चालवते, कॉलेजची टेक्स्टबुकं लिहून घेऊन जगभर फुकट देतात, सायकॉलॉजीचंही पुस्तक आहे, कायदेशीर पीडीएफ, लॉगिनसुद्धा लागत नाही. उदाहरणं अमेरिकेतली आहेत, पण मेंदू, स्मृती, शिकणं, व्यक्तिमत्त्व, हे विषय इथे नि तिथे तेच. आधी विश्वकोश किंवा आयडॉल, मग इग्नू, मग टेक्स्टबुकचं ते प्रकरण, ह्या क्रमाने एक टॉपिक तिने करून बघावा, जे टेक्स्टबुक आज जड वाटतंय ते तिसऱ्या पायरीवर बरंच सोपं झालेलं असेल. आणि हो, बी.ए.चा पेपर मराठीतून लिहायची मुभा युनिव्हर्सिटी देते, कॉलेजमध्ये विचारून घ्या. तिला इंग्लिशमध्ये लिहायचं असेल तर उत्तमच, पण तो तिचा निर्णय असावा.

तर ते ५९९ बंद करा. नुसतं ॲप डिलीट करून पैसे कापायचे थांबत नाहीत, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. तुम्ही ज्या ॲपवरून पैसे देता त्यात ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे ती साइट दिसेल, तिथून रद्द करायचं, आणि वेबसाइटवरच्या अकाउंटमध्ये जाऊनही सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं, दोन्हीकडे. हे मुलीसोबत बसून करा, तिच्यावर रागावून नको. ती एकटीने वाट शोधत होती आणि तिला ही सापडली.

प्रोजेक्टचे लेख. तीस-चाळीस डॉलरचा आकडा बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण तो आकडा तुमच्या मुलीने द्यायचा नसतोच, विद्यार्थी लेख असे एकेक विकत घेत नाहीत, ते लायब्ररीच्या लॉगिनमधून वाचतात. एखादा लेख एन-लिस्टमध्ये नसेल तर त्याचं पूर्ण नाव गुगल स्कॉलरवर टाकायचं आणि उजव्या बाजूला पीडीएफ अशी लिंक येतेय का बघायचं, किंवा नावाखाली 'ऑल व्हर्जन्स' असं असतं ते उघडायचं, पुष्कळदा लेखकाने आपल्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर तोच लेख फुकट ठेवलेला असतो. मैत्रिणीचा लॅपटॉप मिळाला तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं छोटं एक्स्टेंशन टाकता येतं, ते अशी कायदेशीर फुकट प्रत शोधून देतं. मानसिक आरोग्यावरचे हजारो लेख पबमेड सेंट्रल ह्या वैद्यकीय लेखांच्या फुकट साइटवर पूर्ण वाचायला मिळतात. जेस्टोर नावाच्या लेखांच्या ऑनलाइन लायब्ररीत स्वतःचं फुकट अकाउंट काढलं तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड नाही पण वाचता येतात, आणि टी.वाय.च्या प्रोजेक्टला महिन्याला शंभर लेख कोण वाचतंय. काहीच जमलं नाही तर लेखावर लेखकाचा ईमेल असतो, त्यावर दोन ओळी लिहायच्या, मी मुंबईत बी.ए. करते, ह्या विषयावर प्रोजेक्ट आहे, लेखाची प्रत पाठवाल का. लेखकांना त्या डॉलरमधलं सहसा काही मिळत नाही, कोणीतरी वाचतंय ह्याचाच त्यांना आनंद असतो, त्यामुळे बरेच जण पाठवतात.

पण मला विचाराल तर तिने सुरुवात शोधगंगेपासून करावी. भारतातल्या युनिव्हर्सिट्यांमधले पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट आहेत. तिचा विषय, समजा परीक्षेचा ताण, त्यावर आपल्याकडच्याच कॉलेजच्या मुलांवर केलेले प्रबंध सापडतील, काही मराठीतही. त्यातलं आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण वाचायचं, बहुतेक दुसरं असतं, तिथे कोणी काय शोधलं ते एका जागी मिळतं आणि मागे संदर्भांची मोठी यादी असते, त्यातले नेमके दहाबारा लेख निवडून तेवढेच शोधायचे. वाक्यं मात्र उचलायची नाहीत, कॉलेज आता प्लेजरिझम तपासतात, आणि तपासत नसले तरी टी.वाय.ला येऊन स्वतःची चार पानं स्वतः लिहिता आली पाहिजेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. लॉगिन मिळालं की मुलं उत्साहात अख्खं जर्नल डाउनलोड करत सुटतात, तसं करायचं नाही, प्रकाशकाच्या सिस्टिमला ते कळतं आणि कधी कधी पूर्ण कॉलेजचा ॲक्सेस बंद होतो, मग बाकीच्या मुलांचं नुकसान. लागेल तेवढंच घ्यायचं, आणि ते कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायचं म्हणजे घरचा दीड जीबी वाचतो. दुसरं, टेलिग्रामवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ. त्या बेकायदेशीर तर असतातच, शिवाय जुन्या आवृत्तीच्या, मधली पानं गायब, आणि मी जे वर सांगितलं ते हाताशी असताना त्यांची गरजच राहत नाही.

झेरॉक्सबद्दल मात्र घाबरू नका. लायब्ररीतल्या संदर्भ प्रतीतलं एखादं प्रकरण अभ्यासाला झेरॉक्स करायला आपल्या कायद्यात जागा आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या एका झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशकांनी केस केली होती, तो मुलांना वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून अभ्यासाचा गठ्ठा बनवून देत होता. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या झेरॉक्सच्या बाजूने निकाल दिला, पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी केसच मागे घेतली. अख्खं पुस्तक छापून विकणं वेगळं, ते नाही करायचं. पण सिलॅबसमधली लागणारी प्रकरणं झेरॉक्स करून घेतलीत तर कुणाची चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नका.

घरी जागा नसेल, डब्यांच्या वेळेला स्वयंपाकघरात गडबड असते तशी तुमच्याकडेही असणार, तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, त्यांचा संदर्भ विभाग नायगावला आहे, कॉलेजपासून लांब नाही. वेळा आणि फी फोन करून विचारा. कॉलेजची रीडिंग रूम परीक्षेच्या आधी उशिरापर्यंत उघडी ठेवतात का तेही बघा. ट्रेनची गर्दी उतरेपर्यंत तिथे बसली तर अभ्यासही होतो आणि परतीचा प्रवासही जरा बरा होतो.

ह्या सगळ्यानंतरही खर्च राहील, खोटं कशाला सांगू. एखाददोन पुस्तकं, झेरॉक्स, प्रोजेक्टचं प्रिंट आणि बायंडिंग. पण तो डब्यांच्या पैशांतून हळूहळू निघण्यासारखा आहे, त्यासाठी सोनं मोडायची वेळ येऊ नये.

आणि रिझल्ट लागला की लिव्हिंग सर्टिफिकेटच्या गडबडीत एक काम विसरू नका. सगळी पुस्तकं परत करून लायब्ररीचं नो ड्यूज घ्यायचं आणि फर्स्ट इयरला भरलेलं डिपॉझिट परत मागायचा अर्ज ऑफिसमध्ये द्यायचा. त्याला मूळ पावती लागते आणि पुष्कळ ठिकाणी मुदतही असते, म्हणून ती पावती आजपासून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवा.